कॉइल (ई-सिगारेट)

कॉइल हा ई-सिगारेटमधील तापणारा भाग होय. बारीक धातूच्या तारेचे वेटोळे किंवा पातळ जाळीदार पट्टी आणि तिला भिडलेली कापसाची वात अशी त्याची रचना असते. बॅटरीतून आलेल्या विद्युतधारेने तार तापते, वातीने शोषून घेतलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती मुखनळीवाटे ओढली जाते. या वाफेला बोलण्यात धूर म्हटले जात असले, तरी तो ज्वलनातून निघालेला धूर नसतो. वाफ थंड होताना तयार झालेल्या सूक्ष्म थेंबांचे ते धुके असते. शालेय पाठ्यपुस्तकांत या वेटोळ्यासाठी ‘कुंडल’ हा शब्द आहे. या उपकरणांच्या संदर्भात मात्र कॉइल हाच शब्द रूढ आहे.

कोणत्या कॉइलला किती शक्ती द्यावी हा प्रश्न वरवर चवीचा वाटतो, परंतु त्याचा संबंध वापरणाऱ्याच्या शरीरात काय जाते याच्याशी आहे. वात जेवढा द्रव पुरवू शकते त्यापेक्षा अधिक उष्णता तारेत निर्माण झाली, तर द्रवाचे केवळ बाष्पीभवन न होता विघटन होऊ लागते आणि फॉर्माल्डिहाइडसारखी घातक संयुगे तयार होतात. दुसरीकडे, बॅटरीच्या क्षमतेचा विचार न करता कमी रोधाची कॉइल बसवल्यास बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे.

इतिहास

तापवलेली, सुगंधित हवा ओढण्याच्या धूररहित सिगारेटचे पेटंट अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये मिळाले होते. मात्र ते उपकरण बाजारात रुजले नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांना दिले जाते. त्यांच्या २००३ च्या आराखड्यात द्रवाचे थेंब करण्यासाठी स्वनातीत कंपनांचा उपयोग होता. पुढे बहुतेक उत्पादकांनी ती पद्धत सोडून तापत्या तारेचा मार्ग धरला.

सुरुवातीच्या कॉइली २ ते ३ ओहम रोधाच्या असत आणि त्यांत सिलिकाच्या धाग्यांची वात असे. नंतर कापूस आला, टाक्या मोठ्या झाल्या आणि १ ओहमपेक्षा कमी रोधाच्या, म्हणजे ‘सब-ओहम’ कॉइलींची लाट आली. इव्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये तारेचे तापमान मर्यादित ठेवणारी ‘डीएनए ४०’ ही इलेक्ट्रॉनिक पट्टी बाजारात आणली. त्यानंतरच्या काही वर्षांत गोल तारेऐवजी जाळीदार पट्टीच्या कॉइली लोकप्रिय झाल्या.

रोध, विभवांतर आणि शक्ती

कॉइलवर दोन गोष्टी छापलेल्या असतात: ओहममधील रोध आणि वॅटमधील शिफारस केलेली मर्यादा, उदाहरणार्थ ‘०.८ ओहम, १२–१६ वॅट’. या दोहोंचा संबंध ओहमच्या नियमातून येतो. विभवांतराचा वर्ग करून त्याला रोधाने भागले की शक्ती मिळते. म्हणजे ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर १ ओहमच्या कॉइलला सुमारे १३.७ वॅट मिळतात, तर त्याच बॅटरीवर ०.५ ओहमच्या कॉइलला दुप्पट, म्हणजे २७.४ वॅट मिळतात.

या गणितामुळे ‘रोध कमी तितकी वाफ जास्त’ अशी समजूत पसरली. विभवांतर नियंत्रित न करणाऱ्या साध्या उपकरणांपुरती ती खरी होती. आताच्या बहुतेक नियंत्रित उपकरणांत वापरणारा वॅट ठरवतो आणि आतील परिपथ त्यासाठी लागणारे विभवांतर स्वतः कमी-जास्त करतो. १.८ ओहमच्या कॉइलला १५ वॅट हवे असतील, तर परिपथ बॅटरीचे विभवांतर वाढवून सुमारे ५.२ व्होल्टपर्यंत नेतो. अशा उपकरणात १५ वॅट म्हणजे १५ वॅटच; कॉइल १.८ ओहमची असो की ०.६ ओहमची, तारेत निर्माण होणारी उष्णता तितकीच असते. मग फरक कशाने पडतो, याचे उत्तर तारेच्या पृष्ठभागात आहे.

पृष्ठभाग आणि वस्तुमान

समजा, ०.३२ मिलिमीटर जाडीच्या कॅन्थल तारेपासून १ ओहमची कॉइल करायची आहे. त्यासाठी सुमारे साडेपाच सेंटिमीटर तार लागते आणि तिच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ५६ चौरस मिलिमीटर भरते. तोच १ ओहम रोध ०.५१ मिलिमीटर जाडीच्या तारेतून मिळवायचा, तर सुमारे १४ सेंटिमीटर तार लागते आणि क्षेत्रफळ सुमारे २२६ चौरस मिलिमीटर होते. दोन्ही कॉइलींचा रोध एकच आहे; मात्र दोन्हींना १४ वॅट दिल्यास पहिलीच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ०.२५ वॅटचा भार पडतो, तर दुसरीवर जेमतेम ०.०६ वॅटचा. पहिली चटकन तापून वाफ देते. दुसरी कोमट राहते, द्रव पुरता उडत नाही आणि तो टाकीच्या तळातून पाझरू लागतो किंवा ओढताना तोंडात गुळगुळतो.

तारेचे वजनही मोजावे लागते. वरील उदाहरणात जाड तारेचे वस्तुमान बारीक तारेच्या सुमारे साडेसहापट आहे. ती तापायला वेळ घेते आणि बटण सोडल्यानंतरही काही क्षण तापलेली राहते. अनेक तारा पिळून केलेल्या शोभिवंत कॉइलींना ६० किंवा ८० वॅट लागतात ते यामुळेच. तेवढी शक्ती पातळ तारेच्या साध्या कॉइलला दिली तर कापूस एका झुरक्यात काळा पडतो.

दोन कॉइली समांतर जोडल्या असता रोध निम्मा होतो आणि शक्ती दोघींत विभागली जाते. म्हणून १ ओहमच्या दोन कॉइली असलेल्या ०.५ ओहमच्या संचाला एकेरी कॉइलच्या दुप्पट वॅट देणे अनाठायी ठरत नाही. याउलट, ०.५ ओहमची एकच लहान कॉइल तेवढी शक्ती सोसेलच असे नाही. जाळीदार कॉइलींचा लाभही हाच आहे: पातळ पट्टीचा विस्तार मोठा, वस्तुमान कमी आणि वातीशी संपर्क सर्वत्र सारखा. गोल वेटोळ्यात मधले फेरे कडेच्या फेऱ्यांपेक्षा अधिक तापतात. जाळीत तो दोष कमी असतो.

या सर्व कारणांमुळे केवळ ओहमचा आकडा पाहून वॅट ठरवता येत नाही. तयार कॉइलच्या बाबतीत उत्पादकाने छापलेली मर्यादाच आधार मानावी लागते, कारण आतील तारेची जाडी, लांबी आणि वातीची ताकद बाहेरून दिसत नाही.

वात आणि द्रव

समईची वात जशी केशाकर्षणाने तेल वर ओढते, तशीच कॉइलमधील वात टाकीतील द्रव तारेपर्यंत आणते. फरक वेळेचा आहे. समईला तेल सावकाश लागते. कॉइलला तीन-चार सेकंदांच्या झुरक्यात वाफ होऊन गेलेला द्रव पुढच्या झुरक्याआधी भरून काढावा लागतो. १५ वॅटच्या कॉइलमधून तीन सेकंदांत ४५ ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ही ऊर्जा द्रव उडवण्यात खर्च झाली तर तारेचे तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास रोखले जाते. द्रव संपला की तीच ऊर्जा तार आणि कापूस तापवू लागते व तापमान झपाट्याने वर जाते.

द्रवाचा मुख्य भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणाचा असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ असून ते १८८ अंश सेल्सिअसला उकळते. ग्लिसरीन दाट असून ते सुमारे २९० अंशांना उकळते आणि त्याच सुमारास त्याचे विघटनही सुरू होते. ग्लिसरीनचे प्रमाण ७० टक्के किंवा त्याहून अधिक असलेले द्रव लहान छिद्रांच्या, अधिक रोधाच्या कॉइलमध्ये नीट झिरपत नाहीत. वात कोरडी राहते आणि वापरणारा दोष कॉइलला देतो. निम्मे-निम्मे मिश्रण अशा कॉइलींना मानवते. दाट द्रव मोठ्या छिद्रांच्या सब-ओहम कॉइलींसाठी योग्य ठरतो. उलट, पातळ द्रव मोठ्या छिद्रांतून गळतो.

गोड द्रवांचा आणखी एक उपद्रव असतो. त्यांतील सुक्रॅलोजसारखे गोडवा देणारे पदार्थ उडून न जाता तारेवर करपतात आणि काळा थर साचतो. हा थर तार व वात यांच्या मध्ये येतो, त्यामुळे पूर्वी चालत असलेली शक्तीही पुढे अधिक होऊ लागते. तयार कॉइल साधारणतः एक ते दोन आठवडे टिकते. गोड द्रवात ती काही दिवसांतच निकामी होऊ शकते.

धातू आणि तापमान नियंत्रण

कॉइलसाठी सर्वाधिक वापरले जाणारे संमिश्र कॅन्थल होय. लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचे हे संमिश्र मुळात स्वीडनमध्ये विद्युत भट्ट्यांसाठी विकसित झाले. तापल्यावर त्याच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा संरक्षक थर येतो. इस्त्री व शेगडीमुळे परिचित असलेले नायक्रोम हे निकेल-क्रोमियमचे संमिश्र कॅन्थलपेक्षा थोडे लवकर तापते; निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी मात्र ते योग्य मानले जात नाही.

कॅन्थलचा रोध तापमानानुसार फारसा बदलत नाही. शुद्ध निकेल, टायटॅनियम आणि पोलाद यांचा रोध मात्र तापल्यावर मोजता येण्याइतका वाढतो. निकेलची ०.१५ ओहमची कॉइल २० अंशांवरून २२० अंशांवर गेली की तिचा रोध सुमारे ०.३३ ओहम होतो. परिपथ हा बदल मोजतो आणि ठरवलेले तापमान गाठताच शक्ती कमी करतो. तापमान नियंत्रण म्हणतात ते हेच. यात वेगळा तापमापक नसतो, तारच तापमापकाचे काम करते. त्यामुळे वात कोरडी पडली तरी तारेचे तापमान मर्यादेबाहेर जात नाही. ३१६ एल प्रतीच्या पोलादात हा बदल निकेलच्या मानाने बराच कमी असतो: ०.५ ओहमची कॉइल तेवढ्याच तापमानवाढीत ०.५९ ओहमच्या आसपास पोहोचते. म्हणून पोलादाच्या बाबतीत मोजणी अधिक अचूक असावी लागते आणि सैल जोडणीमुळे येणारी थोडीशी चूकही तापमानाचा अंदाज बिघडवते.

या पद्धतीत कॉइल थंड असतानाचा मूळ रोध उपकरणाने नोंदवणे आवश्यक असते. नुकत्याच वापरलेल्या, गरम कॉइलवर ती नोंद झाली, तर उपकरण तापमान प्रत्यक्षापेक्षा कमी समजते आणि संरक्षणाचा हेतूच उरत नाही. निकेल व टायटॅनियमची कॉइल साध्या वॅट पद्धतीत वापरू नये असे सांगितले जाते; टायटॅनियम अति तापल्यास त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा थर येतो.

शक्ती ठरवण्याची प्रचलित पद्धत

नवीन कॉइल बसवण्यापूर्वी कापसावर द्रवाचे काही थेंब सोडले जातात आणि टाकी भरल्यानंतर पाच-दहा मिनिटे थांबले जाते. कोरड्या कापसावर घेतलेला पहिला झुरका कॉइल कायमची निकामी करू शकतो. त्यानंतर छापील मर्यादेतील सर्वांत कमी वॅटपासून सुरुवात करून एकेक-दोनदोन वॅट वाढवत चव व उष्णता पाहिली जाते. घशाला चटका बसू लागला किंवा चव करपट झाली, तर शक्ती कमी केली जाते. गुळगुळ आवाज, गळती आणि थंड, बेचव वाफ ही शक्ती अपुरी असल्याची चिन्हे होत.

ओढण्याच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. सिगारेटप्रमाणे आधी तोंडात आणि मग छातीत वाफ घेणाऱ्यांची उपकरणे अरुंद हवामार्गाची, साधारणतः ०.८ ओहमपेक्षा अधिक रोधाची आणि ८ ते २० वॅटची असतात. थेट छातीत ओढायच्या उपकरणांत हवामार्ग मोकळा आणि शक्ती ३० वॅटपासून ८० वॅटच्याही पुढे असते. वाहती हवा कॉइलला थंडही ठेवते; म्हणून मोठ्या शक्तीवर हवामार्ग बंद करून ओढणे हे वॅट वाढवण्यासारखेच ठरते.

लहान पॉड उपकरणांत शक्ती बदलण्याची सोयच नसते. उत्पादकाने कॉइल व परिपथ एकमेकांशी जुळवलेले असतात. एकदाच वापरून टाकायच्या उपकरणांत तर कॉइल बदलताही येत नाही. अशा उपकरणांच्या विक्रीवर ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून बंदी आहे.

कोरडा झुरका आणि विषारी संयुगे

वातीत द्रव नसताना घेतलेल्या झुरक्याला कोरडा झुरका म्हणतात. फोडणीचे तेल करपल्यावर नाकाडोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, त्यात ॲक्रोलीन हे संयुग असते. अति तापलेल्या ग्लिसरीनमधूनही तेच निघते. जोडीला फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड तयार होतात. फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

या विषयावरील सर्वांत गाजलेला वाद २०१५ चा आहे. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक पत्र प्रसिद्ध केले. त्यांना ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड मुक्त करणारी संयुगे आढळली नाहीत. ५ व्होल्टवर मात्र ती मोठ्या प्रमाणात आढळली. ग्रीक संशोधक कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘ॲडिक्शन’ या नियतकालिकात निराळी मांडणी केली: अल्डिहाइडचे प्रमाण प्रचंड वाढते ते कोरड्या झुरक्याच्या स्थितीत, आणि सरावलेला माणूस तो झुरका चवीवरूनच ओळखून सोडून देतो, म्हणून यंत्राने ओढलेले झुरके प्रत्यक्ष वापराचे चित्र देत नाहीत.

दोन्ही बाजूंचे म्हणणे परस्परविरोधी वाटले तरी कॉइलच्या दृष्टीने ते एकाच गोष्टीकडे बोट दाखवते. ५ व्होल्ट हा आकडा स्वतः घातक नसतो. त्या विशिष्ट कॉइलसाठी आणि तिच्या वातीसाठी तो अधिक होता. तितकेच विभवांतर दुसऱ्या, मोठ्या पृष्ठभागाच्या कॉइलला सहज पेलते. चवीवर सोपवलेल्या संरक्षणालाही मर्यादा आहेत: करपटपणा जाणवण्याआधीच विघटन सुरू झालेले असू शकते, आणि तीव्र स्वादाचे द्रव तो वास झाकू शकतात.

धातूंचा प्रश्न निराळा आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ वापरकर्त्यांच्या उपकरणांची तपासणी केली. बाटलीतील द्रवाच्या तुलनेत कॉइलमधून गेलेल्या वाफेत शिसे, क्रोमियम, निकेल आणि जस्त यांचे प्रमाण अधिक आढळले. वात काढून तार लालबुंद होईपर्यंत तापवून साफ करण्याची हौशी लोकांतील पद्धत काही संशोधक या कारणासाठी टाळण्यास सांगतात.

अमेरिकेत २०१९ मध्ये पसरलेल्या फुफ्फुसविकाराची येथे अनेकदा गल्लत केली जाते. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले होते. त्या साथीचा दृढ संबंध गांजातील टीएचसी असलेल्या द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. वॅटच्या मांडणीशी नव्हे.

निकोटीनचे प्रमाण

शक्ती वाढवली की प्रत्येक झुरक्यात अधिक द्रव उडतो आणि त्याबरोबर निकोटीनही वाढते. म्हणून १२ वॅटच्या कॉइलमध्ये वापरला जाणारा, प्रति मिलिलिटर १२ ते २० मिलिग्रॅम निकोटीन असलेला द्रव ६० वॅटच्या कॉइलमध्ये घातल्यास चक्कर, मळमळ व धडधड होऊ शकते. मोठ्या शक्तीच्या उपकरणांत सामान्यतः ३ ते ६ मिलिग्रॅमचे द्रव वापरतात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू उत्पादन निर्देशानुसार निकोटीनची कमाल मर्यादा प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅम असून टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी असू शकत नाही.

निकोटीन कमी केले म्हणजे अपाय कमी झाला, हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरतो. लंडन साउथ बँक विद्यापीठाच्या लिन डॉकिन्स व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रति मिलिलिटर ६ आणि १८ मिलिग्रॅमच्या द्रवांची तुलना केली. सौम्य द्रव वापरताना लोक अधिक व लांब झुरके घेत, सोय असल्यास शक्तीही वाढवत. फॉर्माल्डिहाइडशी येणारा संपर्क त्यामुळे वाढल्याची चिन्हे दिसली. शरीर निकोटीनची आपली मात्रा वसूल करते आणि त्याचा भार कॉइलवर पडतो.

बॅटरीची मर्यादा

काढता येणाऱ्या बॅटऱ्यांत १८६५० हा आकार सर्वाधिक प्रचलित आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. पूर्ण भरल्यावर तिचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. यांत्रिक, म्हणजे कोणताही संरक्षक परिपथ नसलेल्या उपकरणात १.८ ओहमची कॉइल तिच्याकडून सुमारे २.३ अँपिअर मागते, ०.२ ओहमची कॉइल २१ अँपिअर. सलग २० अँपिअर क्षमतेच्या बॅटरीसाठी दुसरी मागणी मर्यादेबाहेरची आहे. बॅटऱ्यांच्या वेष्टनावर छापलेले आकडे पुष्कळदा फुगवलेले असतात. सलग विसर्गाची क्षमता आणि क्षणिक क्षमता यांत फरक करावा लागतो.

नियंत्रित उपकरणात हिशेब कॉइलच्या रोधावरून न करता वॅटवरून करतात. एका बॅटरीवर ८० वॅट मागितले आणि ती उतरत ३.२ व्होल्टवर आली असेल, तर २५ अँपिअर ओढले जातात. परिपथातील घट धरता त्याहून थोडे अधिकच. म्हणजे नियंत्रित उपकरणात बॅटरी उतरत जाते तसा तिच्यावरील ताण वाढतो.

फाटलेल्या वेष्टनाची बॅटरी वापरणे आणि सुटी बॅटरी किल्ल्या किंवा नाण्यांसोबत खिशात ठेवणे यांमुळे शॉर्ट सर्किट होऊन गंभीर भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. मे २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात उपकरणाच्या स्फोटाने एका व्यक्तीचा मृत्यू झाला.

भारतातील कायदेशीर स्थिती

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने तिचे कायद्यात रूपांतर केले. महाराष्ट्र आणि गोव्यासह संपूर्ण देशात तो लागू आहे. बंदी पूर्ण उपकरणाप्रमाणेच त्याच्या कोणत्याही भागाला लागू असल्याने सुट्या कॉइलींची आयात व विक्रीही तिच्या कक्षेत येते. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुढील गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादने या व्याख्येतून वगळली आहेत.